विस्तव मागायला आलेल्या बायका

माझं लग्न झालं तेव्हा आमचा मुलूख अजून मुंबई राज्यात होता आणि जिल्ह्याला पश्चिम खानदेश म्हणायचे. माहेर नंदुरबारचं. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. त्यांनी मला हौसेने सातवीपर्यंत शिकवलं आणि तितक्याच हौसेने तापीकाठच्या एका गावात दिलं. घर चांगलं होतं. नदीलगतची काळी जमीन, कापूस, थोडी केळी, गोठ्यात बैल आणि दुभती म्हैस. सासू आधीच वारलेली. नणंद एकच, ती कोरीटला दिलेली. म्हणजे घरात सासरे, नवरा आणि मी. वडील आईला म्हणाले होते, "सासुरवास करायला घरात बाईच नाही. पोरगी राणीसारखी राहील."

नवरा दिसायला उमदा आणि कामाला कणखर होता. गावात कोणाशी त्याने आवाज चढवल्याचं मी ऐकलं नाही. चावडीवर लोक त्याचा सल्ला घ्यायचे. म्हणूनच त्याचा हात पहिल्यांदा माझ्यावर पडला तेव्हा चूक माझीच असणार, असं मला वाटलं. म्हशीचं पारडू दावं तोडून सुटलं होतं आणि सगळं दूध पिऊन गेलं होतं. त्याने रिकामी चरवी पाहिली आणि मला एक ठेवून दिली. कानात बराच वेळ शिट्टीसारखं वाजत राहिलं. मी दाव्याला दुसरी गाठ मारायला शिकले. पण पुढच्या वेळी कारण दुसरंच निघालं, त्याच्या पुढच्या वेळी तिसरं. भाकरी जाड झाली. दार उघडायला उशीर झाला. माहेरचा माणूस आला तेव्हा मी जास्त हसले. सासरे बाहेरच्या खोलीत असायचे. आतून आवाज सुरू झाला की ते काठी उचलून गोठ्याकडे जायचे.

मी कोणाला काही सांगितलं नाही. कोपरापर्यंत बाह्यांची पोलकी शिवून घेतली.

आमच्या भिंतीला भिंत लागून फुई राहायची. फुई म्हणजे आत्या, आमच्या बोलीत तोच शब्द. ती सासऱ्यांची सख्खी बहीण. तरुणपणीच नवरा गेला तेव्हापासून माहेरी येऊन राहिली होती. दोन खोल्यांचं घर आणि जमिनीचा एक पट्टा भावाने तिला तोडून दिला होता. उंच, हडकुळी, मिशेरीने काळे पडलेले दात आणि आवाज असा की नदीच्या या काठावरून त्या काठावरच्या गुराख्याला हाक पोचावी. माझी सासू गेली तेव्हा माझा नवरा लहान होता. त्याला फुईनेच वाढवलं. सगळं गाव तिला फुईच म्हणायचं.

एकदा तापीवर धुणं धुताना मी लुगडं आपटायला हात वर केला आणि बाही मागे सरकली. फुई शेजारच्याच दगडावर होती. तिने माझा दंड पाहिला.

"हाई काय व्हयनं?"

"गोठ्यात पडले, फुई."

तिने माझ्या हातातलं ओलं लुगडं घेतलं, स्वतः पिळलं, स्वतःच वाळत घातलं. परतीच्या वाटेवर धुण्याची पाटीसुद्धा तिनेच डोक्यावर घेतली. घराशी आल्यावर एवढंच म्हणाली, "मन्हा कान आजून चांगला शेत. भितडं पातळ शे." माझे कान अजून शाबूत आहेत, आणि मधली भिंत पातळ आहे. मी खाली मान घालून आत गेले. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, की मी एकटी नाही.

त्यानंतर काही दिवसांनी घरात नवऱ्याचा आवाज चढला. मी चुलीपाशी होते. तो माझ्याकडे येत होता, तेवढ्यात उंबऱ्यावर समोरची भाभी उभी राहिली. आमच्या समोर एक गुजर कुटुंब राहायचं, त्या घरची ती सून. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, पदरात तीन-चार लेकरं. त्यांच्या घरात गुजरी बोलत, त्यामुळे तिच्या अहिराणीला वेगळाच हेल होता. तिच्या हातात गोवरीचा तुकडा होता.

"इस्तो शे का व बहीण? मन्ही चूल विझी गई."

त्या वेळी चूल पेटवायला शेजारच्या घरून विस्तव आणायची रीतच होती. काडेपेटी असली तरी तिची काडी वाया घालवायची नाही. आणि दारात विस्तव मागायला आलेल्या बाईला कोणी नाही म्हणत नसे. तो मागे सरला. मी गोवरीवर निखारा ठेवला. भाभी लगेच गेली नाही. निखाऱ्यावर फुंकर मारत, लेकरांच्या तक्रारी सांगत ती तिथेच रेंगाळली. तेवढ्या वेळात तो शेतावर निघून गेला.

पुढच्या वेळी फुई आली. त्याच्या पुढच्या वेळी गल्लीच्या टोकाची कुंभारीण आली. मग हे सारखंच होऊ लागलं. आवाज चढला की कोणीतरी गोवरी घेऊन हजर. कधी विस्तव, कधी विरजण, कधी चाळणी. एकदा भाभी आली तेव्हा तिच्या छपरातून चांगला जाड धूर वर जाताना आमच्या दारातून दिसत होता. त्यालाही दिसला. त्याने धुराकडे पाहिलं, भाभीकडे पाहिलं. भाभी न लाजता म्हणाली, "ती मन्ही सासूनी चूल शे. मन्ही निराळी." त्यांच्या घरात चूल एकच होती, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

मला कोणी काही विचारलं नव्हतं, कोणी काही ठरवून सांगितलं नव्हतं. या बायकांनी आपापसात काय बोलणी केली ते मला आजही माहीत नाही. विहिरीवर केली असतील, नाहीतर कापूस वेचताना. माझ्या वाट्याचा मार त्यांनी निम्म्यावर आणला, आणि तो कमी करताना माझी लाजही राखली. याचे उपकार मी कशाने मोजू?

याच सुमाराला ब्लॉकच्या ऑफिसकडून गावात ग्रामसेविका येऊ लागली. ती देशावरची, पुस्तकी मराठी बोलणारी, पांढरी सुती साडी नेसणारी मुलगी होती. एस.टी.च्या फाट्यापासून धुळीतून चालत यायची. मारुतीच्या देवळात तिने बायकांना जमवलं आणि बिनधुराची चूल कशी बांधायची ते सांगायला लागली.

"भगिनींनो, धुरामुळे नेत्रांचे विकार जडतात."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मराठी म्हणजे शाळेची आणि कचेरीची भाषा. यातल्या एकीनेही शाळा पाहिलेली नव्हती. फुईने मोठ्याने विचारलं, "काय म्हनस ती?"

मीच म्हणाले, "धूरमुये डोया खराब व्हतस, अशी म्हनस."

"मंग तशी सांग ना!" फुई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. सेविकाताईही हसली. तिने मला पुढे बोलावून शेजारी बसवलं. मग ती एक वाक्य बोले आणि मी ते आमच्या बोलीत सांगे. बायका माझ्याकडे बघून प्रश्न विचारत होत्या, मी ते ताईंना मराठीत सांगत होते. शाळा सुटल्यापासून माझं शिक्षण पहिल्यांदाच कोणाच्या तरी कामाला आलं. घरी परतताना पाय जमिनीवर नव्हते.

दुपार कलली होती. नवरा माझ्या आधीच घरी येऊन बसला होता. पानाच्या दुकानावर कोणीतरी त्याला चिडवलं होतं, तुझी बायको देवळात भाषण करते म्हणून.

"मोठी मास्तरीण व्हई गई तू?" तो उठला. त्याच्या हातात बैल हाकायची पराणी होती.

भाभी माझ्या पाठोपाठच गल्लीत शिरली होती. तिने आवाज ऐकला आणि तशीच दाराशी आली. तेव्हा तिच्या हातात गोवरीही नव्हती. "बहीण, इस्तो—" एवढंच ती म्हणाली. त्याने तिच्या तोंडावर दार लोटलं आणि आतून कडी घातली.

असं पूर्वी कधी झालं नव्हतं. त्या कडीचा आवाज ऐकून मी जेवढी घाबरले तेवढी पराणीला घाबरले नव्हते. मी डावा हात मध्ये घातला आणि मनगटावर घाव बसला. आत काहीतरी मोडल्याचं मला कळलं. बाहेर भाभी दोन्ही मुठींनी दार बडवत होती आणि एकेकीला हाका मारत होती. देवळातून घरोघर पांगलेल्या बायका माघारी पळत आल्या. त्यांच्यामागून सेविकाताई आली. मग सगळा गलका थांबला आणि फुईचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू.

"दार उघड. मी शे."

तो थांबला. मग त्याने कडी काढली. आईनंतर जिने भरवलं तिला दाराबाहेर उभं ठेवणं त्याच्याने झालं नाही. फुई आत आली. त्याच्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "चाल व पोर." मी तिच्याबरोबर बाहेर पडले. दोन्ही बाजूंनी बायका उभ्या होत्या. त्यांनी मधून वाट दिली.

गावात हाडं बसवणारा एक म्हातारा होता. त्याने बांबूच्या कामट्या लावून हात बांधला. संध्याकाळी दिवे लागले तेव्हा फुईची ओसरी भरली होती. सेविकाताईची शेवटची एस.टी. निघून गेली होती, तीही राहिली. कुंभारणीची सासू म्हणाली, "नवरा-बायकोनं भांडन शे. आपन काबरं मधमा पडो?" आपण कशाला मध्ये पडायचं, असं तिचं म्हणणं.

यावर भाभी बसल्या जागीच पुढे झुकली. मांडीवर तिचं तान्हं झोपलेलं होतं. ती म्हणाली, "ती आपलाकरता बोलनी, म्हनीसन तिले मार पडना. मंग हाई भांडन आपलं कसं नही?"

मग सेविकाताई म्हणाली, "बायकोला मारणं हा गुन्हा आहे. परक्याला मारलं तर जसा गुन्हा, तसाच हाही."

बायकांनी सवयीने माझ्याकडे पाहिलं. ते वाक्य मलाच सांगायचं होतं. फुई म्हणाली, "सांग पोर. काय म्हननी ती?" झोळीत हात अडकवलेला, डोळ्यांतून पाणी गळतंय, अशी मी म्हणाले, "बायकोले मारनं हाऊ गुन्हा शे." माझ्या बाबतीत हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारला. त्याआधी ते नशीब होतं, चूक होती, स्वभाव होता. आता त्याला खरं नाव मिळालं होतं, आणि ते माझ्याच तोंडून निघालं होतं.

दुसऱ्या दिवशी निरोप गेला आणि माझे वडील आले. माझा हात पाहून ते ओसरीच्या पायरीवर मटकन बसले. मग म्हणाले, "चल घरी." पण त्यांच्या डोळ्यांत मला घर दिसत होतं. पाठच्या दोन बहिणी लग्नाच्या, आणि परत आलेल्या लेकीचं बिऱ्हाड. त्यांनाही तेच दिसत असणार. थोड्या वेळाने ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "नाहीतर जावईबापूंशी बोलून पाहू. शेवटी नांदायचं तर आहेच."

फुई दाराला टेकून उभी होती. ती म्हणाली, "व्याही, तुम्ही तिले लई जाशात तर लोक म्हनतीन, बाई पळी गई. आनि तशीच परत धाडशात तर तो म्हनी, मन्हं कोनी काय करनार नही. ती आठेच ऱ्हाई. मन्हा घर."

"पण त्याच्या डोळ्यांसमोर?" वडील म्हणाले.

"डोयासमोरच. गाव तिनं बी शे. तिनी काबरं जावो?"

वडिलांनी फुईला हात जोडले. ते जोडलेले हात बराच वेळ खाली आले नाहीत. जाताना ते सासऱ्यांच्या दारावरून गेले, पण आत गेले नाहीत.

अशी मी नवऱ्याच्या घराला लागून, त्याच्या दारातून दिसेल अशा ओसरीवर राहायला लागले. सुरुवातीला लाजेने मी आतच बसायची. फुई मला मुद्दाम बाहेर बसवायची, तूर पाखडायला, लसूण निवडायला. माझा एक हात बांधलेला, म्हणून कोणीतरी दुसरी बाई येऊन सूप धरायची. येणारे जाणारे पाहायचे. आणि हळूहळू असं झालं की मान मी खाली घालत नव्हते, तो घालून जात होता.

एखाद्या घरची बाई बाळंतपणाला गेली किंवा आजारी पडली, तर त्या घरी भाकरी पोचवायची आमच्या गल्लीची रीत. या वेळी एकीनेही पोचवली नाही. त्याला स्वतःच भाकऱ्या थापाव्या लागल्या. करपल्याचा वास पातळ भिंतीतून आमच्याकडे यायचा. भाभी म्हणायची, "आते समजी, जाड-पातळ काय ऱ्हास ते." सासऱ्यांचं ताट मात्र फुई वाढायची, पण तिच्या ओसरीवर. ते रोज काठी टेकत यायचे, जेवायचे आणि न बोलता परत जायचे.

दरम्यान सेविकाताईने ऑफिसात खटपट केली. गावात महिला मंडळ सुरू झालं आणि देवळात बालवाडी. बालवाडीला शिकलेली बाई हवी होती, तिने माझं नाव घातलं. सकाळी शेंबडी, अर्धी नागडी पोरं गोळा करायची, त्यांची तोंडं धुवायची, गोष्टी सांगायच्या, दुधाची भुकटी कालवून पाजायची. आया कापसात आणि केळीच्या बागेत कामाला जायच्या आणि लेकरं बिनघोर माझ्यावर सोडून जायच्या. त्या मला 'बाई' म्हणू लागल्या. मोडलेला हात कामट्यांतून सुटला तेव्हा पहिल्यांदा मी त्या हाताने एका पोराचं नाक पुसलं.

एक दिवस नवरा आला. मी आत होते. फुईने त्याला खाटेवर नाही, पायरीवर बसवलं.

"चूक व्हयनी," तो म्हणाला.

"मले सांगू नको. मन्हा हात मोडना नही."

तो चिडून उठला. त्याच वेळी सासरे ओसरीवर जेवत होते. ते कधी बोलायचे नाहीत, म्हणून त्यांचा आवाज ऐकून मी दारापर्यंत आले. ते ताटाकडेच पाहत होते.

"मी बी मारे," ते म्हणाले. "तुन्ही मायले. तू खांबमांगे उभा ऱ्हाय. तुले याद शे का?"

तो निघता निघता थांबला.

"मले याद शे," सासरे म्हणाले. "तू डोया झाकी ले. मी दखं व्हतं." आई मार खात असताना पोर डोळे झाकून घ्यायचं, हे त्यांनी तेव्हाच पाहिलं होतं.

तो पुन्हा पायरीवर बसला. एवढा मोठा, रुंद खांद्यांचा माणूस, गुडघ्यात डोकं घालून बसला. माझं मन लगेच विरघळलं असं मी सांगणार नाही. मी त्याची कीव केली, पण पुढे झाले नाही. फुईनेही मला पुढे केलं नाही. ती म्हणाली, "आज जाय. रोज येत जाय. आठे बस, बापनासंगे जेव."

तो रोज येऊ लागला. पायरीवरून ओसरीवर, ओसरीवरून पंगतीला, असा त्याचा प्रवास त्या हंगामात झाला. होळी होऊन गेल्यावर एकदा त्याने भाभी, कुंभारीण आणि सेविकाताई यांच्या देखत मला विचारलं, "तू येशी का?" हुकूम नव्हता तो. मी म्हणाले, विचार करते. आणि खरंच बरेच दिवस विचार केला. फुईने एकदाही घाई केली नाही. "जा" म्हणाली नाही आणि "नको" पण म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, की तू कुठेही राहा, ही खाट तुझीच.

शेवटी मी परत जायचं ठरवलं, पण माझ्या अटींवर. बालवाडी सुटणार नाही. मंडळात मी जाईन आणि बोलेन. तिसरी अट फुईची होती. गावच्या सुताराला तिने सगळ्यांसमोर बोलावलं आणि आमच्या पुढच्या दाराची आतली कडी काढायला लावली. सुतार नवऱ्याकडे पाहू लागला. तो म्हणाला, "काढ." लाकडात खिळ्यांची भोकं तेवढी राहिली. त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्या दाराला आतून कडी नव्हती. रात्री नुसतं लोटून, मागे पाटा लावून निजायचो. कधी काही चोरीला गेलं नाही.

त्याने मला पुन्हा मारलं नाही. एकदा हात उचलला होता, बैल आजारी पडून मेला त्या दिवशी. वर गेलेला हात तसाच राहिला. मग तो दार ढकलून बाहेर गेला आणि देवळाच्या ओट्यावर बसून राहिला. जेवायच्या वेळी मी निरोप पाठवला, तेव्हा आला. आमचा संसार गोडीगुलाबीचा झाला असं नाही. काही गोष्टी मोडल्या त्या मोडल्याच. पण भीती गेली. घरात भीती नसणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे ज्या बाईने ती भोगली तिलाच कळतं.

पुढे नवं राज्य झालं, जिल्ह्याचं नाव बदललं, सेविकाताईची बदली झाली. मंडळ मात्र चालू राहिलं. बिनधुराच्या चुली बऱ्याच जणींनी वर्षभरात मोडून टाकल्या, त्यांवर भाकरी नीट फुगत नव्हती. पण दुसरी एक गोष्ट गावात रुजली. नवी सून आली की आम्ही बायका तिची ओटी भरायला जायचो आणि तिच्या सासू-नवऱ्यासमोरच तिला आमची घरं हाताने दाखवायचो. हे फुईचं, हे भाभीचं, हे माझं. कधीही ये. दिवसा ये, अवेळी ये.

आणि नवरदेवांसाठी फुईने स्वतःची रीत काढली होती. गावातल्या कोणत्याही मुलाचं लग्न असलं की हळदीच्या दिवशी ती तिथे जायची. मुलगा अंगभर हळद लावून पाटावर बसलेला, उठता येत नाही की पळता येत नाही. ती त्याच्यासमोर फतकल मारून बसायची आणि सगळ्या पाव्हण्यांच्या देखत विचारायची, "हात कसाकरता शेत रे?" पोरगा गोंधळायचा. "काम कराकरता, फुई." "आनि?" "जेवाकरता." "आनि?" त्याला तिसरं काही सुचायचं नाही. "बस, एवढंच," असं म्हणून ती त्याच्या गालाला हळदीचं बोट लावायची. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. पुरुषांनाही हसू यायचं. पण तो मुलगा ते विसरायचा नाही. एकाने तर मला पुढे सांगितलं, की राग आला की अजून हळदीचा वास येतो.

सगळीकडे यश आलं असं नाही. एका घरात आम्ही फार उशिरा पोचलो. त्या मुलीला तिच्या भावांनी माहेरी नेलं, ती परत आली नाही, आणि तिने यावं असं आम्हालाही वाटलं नाही. दुसऱ्या एका घराने आमच्याशी येणं-जाणं तोडलं. पण गल्लीत कोणाच्या घरातून ओरडण्याचा आवाज आला आणि बाहेर सगळं सामसूम राहिलं, असं पुन्हा झालं नाही.

फुई गेली तेव्हा माझी मुलगी रांगत होती. माझ्या नवऱ्याने तिला खांदा दिला आणि मुलासारखं सगळं केलं. तापीच्या काठावर तो खूप रडला.

भाभीला मी एकदा माझ्या मनातलं सांगायचा प्रयत्न केला. आमच्या बोलीत आभार मानायला शब्द नाही, कोणी मानतही नाही. तिच्या अंगणात आम्ही मिरच्यांची देठं काढत बसलो होतो. मी म्हणाले, "भाभी, तू त्या दिनले दार बडवं नसतं तर..."

"तर काय?"

मी डोळ्यांकडे हात नेला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग मिरच्यांच्या ढिगाकडे. तिचं धाकटं पोर झोपेतून उठून रडत होतं.

"येडी शेस," ती म्हणाली. "डोयाले हात लावू नको, मिरच्या शेत. ऊठ, त्या पोरले ली ये, मन्हा हात भरेल शेत."

मी उठले, हात राखेने खसखसून धुतले, आणि तिचं रडतं पोर कडेवर घेतलं.